विश्लेषण : दगडातली निसर्गचित्रे ‘वाचणारे’ रुआन युआन कोण होते?

चीनमधल्या दाली इथला संगमरवर कापला की त्यात डोंगर, ढग आणि धुके दिसते. कुंचला न लागलेल्या या पाट्यांना चित्राचा मान देणाऱ्यांमध्ये सर्वात मोठे नाव रुआन युआन यांचे. प्रांतांचे सुभेदार, चाचेगिरी मोडणारे प्रशासक आणि पुराव्याशिवाय एक अक्षरही न मानणारे पंडित अशी त्यांची ख्याती. अशा माणसाने म्हातारपणी दगडातल्या डागांना चित्रे का म्हटले?

दगडात रूप दिसणे आपल्याला नवे आहे का?

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. त्या भागातला काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेला दख्खनचा बेसाल्ट. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत गारगोटी आणि अकीक साचले. दख्खनच्या काही अकीकांत हिरवे किंवा काळे धागे असे पसरतात की आत शेवाळ किंवा छोटे झाड अडकले आहे असे वाटावे. व्यापारात त्याला मॉस अ‍ॅगेट म्हणतात. प्रत्यक्षात तिथे वनस्पती नसते. मँगेनीज, लोह यांची संयुगे आणि काही हिरवी खनिजे तो आकार घेतात.

सिद्धेश्वरपासून जवळच औंढा नागनाथ आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून त्याला मान आहे. स्वयंभू गणपती, नर्मदेतले बाण, गंडकीतला शाळिग्राम ही नावे तर घराघरांत ठाऊक आहेत. माणसाने न घडवलेल्या दगडात आपण देव पाहिला. चीनमधल्या विद्वानांना दगडात डोंगरदऱ्या दिसल्या. त्यांनी त्या दगडाचे पातळ तुकडे कापले, लाकडी चौकटीत बसवले आणि अभ्यासिकेत चित्रासारखे मांडले. अकराव्या शतकात ओउयांग शिऊ या मोठ्या लेखकाकडे चंद्र आणि झाडाचा भास होणारा दगडी पडदा होता आणि त्यावर त्याच्या मित्रांनी कविता केल्या होत्या. चित्रकार मी फू तर विलक्षण दगडांपुढे वाकून नमस्कार करण्याबद्दल प्रसिद्ध होता. परंपरा अशी जुनी होती. तिला तपशीलवार नोंदींचे पुस्तक मिळाले ते एकोणिसाव्या शतकात, रुआन युआन यांच्या हातून.

रुआन युआन यांची सुरुवात कशी झाली?

त्यांचा जन्म १७६४ सालचा, यांगत्से नदीच्या उत्तरेकडच्या यांगचौ शहरातला. यांगचौ हे मिठाच्या व्यापाऱ्यांचे श्रीमंत शहर होते. त्या पैशावर तिथे ग्रंथालये, बागा आणि चित्रसंग्रह वाढले. रुआन यांचे आजोबा लष्करी अधिकारी होते. घर मात्र फार सधन नव्हते. रुआन १८ वर्षांचे असताना आई गेली. प्रांतिक परीक्षा ते १७८६ मध्ये उत्तीर्ण झाले आणि १७८९ मध्ये, पंचविशीत, राजधानीतली सर्वोच्च परीक्षा. चीनमध्ये सरकारी सेवेचे दार या परीक्षांतूनच उघडत असे आणि अनेकांचे केस पांढरे झाले तरी ते उघडत नसे.

१७९१ मध्ये दरबारी पंडितांची पुन्हा एक परीक्षा झाली. तिच्यात कवितेचा विषय होता चष्मा. छिएनलुंग बादशहा तेव्हा ८० वर्षांचे होते आणि या वयातही चष्म्याशिवाय वाचता येते याचा त्यांना अभिमान होता. रुआन यांनी नेमका तो धागा पकडला आणि बादशहांच्या दृष्टीला काचेची गरज नाही असा अर्थ कवितेत आणला. बादशहा खूश झाले आणि त्यांनी रुआन यांना पहिला क्रमांक दिला. दरबारी चतुराईचा हा किस्सा चीनमध्ये आजही सांगितला जातो.

या यशाने त्यांच्यासाठी एक दुर्मीळ कपाट उघडले. राजवाड्यातल्या चित्रांची आणि सुलेखनाची सूची वाढवण्याचे काम चालू होते आणि त्यात रुआन यांची नेमणूक झाली. सोंग आणि युआन काळातल्या थोर चित्रकारांची मूळ कामे त्यांनी हातात घेऊन पाहिली आणि त्यांवर टिपणेही लिहून ठेवली. ती चित्रे बादशहांची होती. कोणत्याही अधिकाऱ्याला ती घरी नेता येणार नव्हती, पण डोळ्यांत साठवता येत होती. चाळीस वर्षांनी युन्नानमध्ये हीच शिदोरी कामी आली.

त्यांच्या विद्वत्तेत दगडाला एवढे महत्त्व का होते?

अठराव्या शतकातल्या चीनमध्ये विद्वानांचा एक मोठा प्रवाह पुराव्याचा आग्रह धरणारा होता. कन्फ्युशियसच्या परंपरेतले ग्रंथ शतकानुशतके हाताने उतरवले गेले, छापले गेले आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांत चुका शिरल्या. मग खरा पाठ कोणता हे कसे ठरवायचे? या मंडळींनी जुने शब्दार्थ, उच्चार, खगोलगणित आणि शिलालेख यांचा आधार घेतला. कागद सडतो, उतरवणारा चुकतो. दगडावर कोरलेले अक्षर मात्र जिथे कोरले तिथेच राहते.

आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांचे पाठभेद तपासणाऱ्यांनी किंवा यादवकालीन शिलालेखांचे ठसे घेणाऱ्यांनी जे काम केले, त्याच जातीचे हे काम. शांतुंग प्रांतात शिक्षणाधिकारी असताना रुआन यांनी तिथल्या शिलालेखांची आणि धातूवरच्या लेखांची मोठी नोंद तयार करवली. नंतर चच्यांग प्रांतातही तसेच केले. सुलेखनाच्या इतिहासावर त्यांनी दोन निबंध लिहिले. दक्षिणेकडच्या प्रसिद्ध सुलेखनाच्या नकलांवर नकला होत आल्या आहेत, जुन्या अक्षराचे खरे वळण पाहायचे तर उत्तरेकडच्या शिलालेखांकडे वळा, असे त्यांचे म्हणणे होते. एकोणिसाव्या शतकात चिनी सुलेखनाची रुची बदलली त्यामागे हे निबंध होते.

शब्दकोश, गणितज्ञांची चरित्रे असे प्रचंड प्रकल्पही त्यांनी हाती घेतले. १७९९ मध्ये पुऱ्या झालेल्या चरित्रकोशात खगोलज्ञ आणि गणितज्ञ मिळून सुमारे २८० जणांची माहिती आहे. त्यांतले ३७ जण युरोपीय आहेत. कन्फ्युशियन परंपरेचे १३ मूळ ग्रंथ टीकांसह आणि पाठभेदांच्या टिपांसह त्यांनी १८१५-१६ मध्ये नानछांग इथे छापून घेतले. अभ्यासक ही आवृत्ती आजही वापरतात.

प्रशासक म्हणून कारकीर्द कशी होती?

ग्रंथांत रमणारा माणूस कारभारात कच्चा असेल, हा समज रुआन यांच्याबाबत लागू पडत नाही. चच्यांगचे सुभेदार झाले तेव्हा किनाऱ्यावर चाच्यांचा धुमाकूळ होता. १८०० च्या उन्हाळ्यात एका वादळाने चाच्यांच्या मोठ्या ताफ्याची धूळधाण केली आणि रुआन यांच्या फौजेला वाचलेल्यांचा बंदोबस्त करता आला. पण एका वादळावर विसंबून चालणार नव्हते. त्यांनी ली छांगकंग या आरमारी सेनानीसाठी मोठी जहाजे बांधण्याची आणि तोफा ओतण्याची व्यवस्था केली. त्याच काळात, १८०१ मध्ये, हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी त्यांनी एक विद्यापीठ काढले. परीक्षेपुरते निबंध घोटवण्याऐवजी तिथे जुने ग्रंथ, इतिहास, खगोल आणि गणित शिकवले जाई.

१८०९ मध्ये मात्र त्यांना ठेच लागली. परीक्षेतल्या गैरप्रकाराचा आरोप असलेला शिक्षणाधिकारी त्यांचा जुना मित्र होता आणि रुआन यांनी त्याला पाठीशी घातले असा ठपका आला. ते पदावरून गेले. पेइचिंगमध्ये दुय्यम नेमणुकीवर राहून त्यांनी राजवंशाच्या इतिहासासाठी विद्वानांची चरित्रे लिहिली. काही वर्षांत ते पुन्हा वर आले आणि च्यांगशी प्रांताचे सुभेदार झाले. १८१७ मध्ये दक्षिणेकडच्या क्वांगतुंग आणि क्वांगशी या दोन प्रांतांची सुभेदारी त्यांच्याकडे आली.

यात मुंबईचा संबंध कुठे येतो?

या सुभेदारीत ग्वांगचौ म्हणजे त्या काळचे कँटन बंदर होते. युरोपीय आणि अमेरिकी व्यापाऱ्यांना चीनमध्ये त्या वेळी फक्त इथेच व्यापार करता येई. रुआन यांनी इथेही एक विद्यापीठ काढले, छिंग काळातल्या ग्रंथभाष्यांचा सुमारे १४०० खंडांचा संच छापायला घेतला आणि बंदराच्या तटबंदीकडे लक्ष दिले. पण त्यांच्यापुढचा खरा प्रश्न अफूचा होता.

अफूवर चीनमध्ये बंदी होती आणि तरीही ती येत होती. बंगाल-बिहारची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या लिलावातून कोलकात्याहून निघे. माळव्याची अफू होळकर-शिंद्यांच्या मुलखातून मुंबई आणि दमणमार्गे जहाजावर चढे. मुंबईतल्या अनेक बड्या व्यापारी घराण्यांच्या संपत्तीत कापसाबरोबर या मालाचाही वाटा होता. १८२१ मध्ये रुआन यांनी कडक पावले उचलली. मकाव आणि कँटनमधल्या दलालांवर कारवाई झाली. परदेशी व्यापाराची जबाबदारी असलेल्या चिनी सावकारांच्या म्होरक्याला शिक्षा झाली. परिणाम असा की अफूची जहाजे नदीतून हटली आणि मुखाशी असलेल्या लिंटिन बेटाजवळ नांगर टाकून उभी राहिली. तिथून वेगवान होड्या माल उचलू लागल्या. बंदी कागदावर यशस्वी झाली, व्यापार मात्र वाढला. रुआन यांच्या कारकिर्दीवर इतिहासकार जे प्रश्न विचारतात त्यांतला हा मोठा प्रश्न आहे.

युन्नानमध्ये काय घडले?

१८२६ मध्ये त्यांची बदली युन्नान आणि क्वैचौ या नैऋत्येकडच्या प्रांतांवर झाली. वय ६२. राजधानीपासून दूर, ब्रह्मदेशाच्या सीमेला लागून असलेला हा डोंगराळ मुलूख. मिठाच्या कारभारातली गळती थांबवणे, सीमेवरच्या जमातींशी व्यवहार सांभाळणे, प्रांताचा सविस्तर इतिहास तयार करवणे अशी कामे त्यांनी केली. त्यांचा मुलगा रुआन फू याने याच मुलखातल्या पुअर चहावर छोटे टिपण लिहिले. चहाचे जाणकार त्याचा हवाला आजही देतात.

इथेही आधी शिलालेखच भेटला. १८२७ मध्ये लूलियांग भागात रुआन यांच्या लक्षात एक उभी शिळा आली. ती इसवी सन ४५८ मधली, छुआन घराण्यातल्या एका स्थानिक सत्ताधाऱ्याच्या स्मृतीची होती. तिच्यावरचे अक्षर म्हणजे त्यांच्या निबंधांतल्या मताला मिळालेला मोठा पुरावा. शिळेवर छप्पर घालून तिचे रक्षण करण्याचा हुकूम त्यांनी दिला. ती शिळा आज सुलेखनाच्या इतिहासातला मानाचा ठेवा मानली जाते.

आणि मग दालीचा दगड. युन्नानच्या पश्चिम भागात अर्हाई सरोवराच्या काठी दाली शहर आहे आणि त्याच्या पाठीशी त्सांगशान ही उंच पर्वतरांग. तिथला संगमरवर इतका प्रसिद्ध की चिनी भाषेत कोणत्याही संगमरवराला दालीचा दगड असाच शब्द रूढ झाला. आयुष्यभर दगडावरचे मानवी अक्षर वाचत आलेल्या रुआन यांच्यासमोर आता असा दगड होता ज्यावर कोणीच काही लिहिले नव्हते, आणि तरीही तो वाचता येत होता.

या दगडात चित्र तयार होते कसे?

संगमरवर म्हणजे उष्णता आणि दाबाखाली पुन्हा स्फटिक झालेला चुनखडक. मूळ चुनखडक शुद्ध असेल तर पांढराशुभ्र संगमरवर होतो. त्यात चिकणमाती, लोह किंवा कार्बनयुक्त गाळाचे थर असतील तर ते करडे, काळे, हिरवट, तपकिरी पट्टे होऊन राहतात. पर्वत घडताना खडक दाबला जातो, दुमडतो आणि त्याच्याबरोबर हे पट्टेही वळतात, ताणले जातात, तुटतात.

कारागीर असा खडक कापतो तेव्हा दुमडलेल्या पट्ट्याची कड पृष्ठभागावर उमटते. वर टोकदार आणि खाली विरत जाणारी ती कड म्हणजे आपल्या डोळ्यांना डोंगर. मधला पांढरा भाग धुके. फिकट करड्या छटा म्हणजे पाऊस भरलेले आभाळ. पावसाळ्यात माळशेज घाटात ढगांतून वर येणारी कातळाची टोके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. चिनी निसर्गचित्रही नेमके असेच असते. काळ्या शाईच्या छटा, रिकामी सोडलेली जागा आणि अर्धा झाकलेला डोंगर. दालीच्या दगडाच्या एका प्रकाराला म्हणूनच शाईच्या चित्राचे नाव आहे.

यात कारागिराचे काम लहान नव्हते. पूर्वी बिनदाती पाते, वाळू आणि पाणी यांनी घासत घासत दगड कापावा लागे. कुठून आणि कोणत्या कोनात कापायचे यावर डोंगर दिसणार की नुसता डाग, हे ठरे. काप थोडा पुढेमागे गेला तरी दृश्य बदले. मग पाटी घासून गुळगुळीत करायची, गोल, चौकोनी किंवा पंख्याच्या आकारात छाटायची आणि गडद लाकडात बसवायची. बैठकीच्या खुर्च्यांच्या पाठी, टेबलावरचे छोटे पडदे, भिंतीवरच्या चौकटी, सगळीकडे हे दगड बसत.

रुआन यांनी नवे काय केले?

दगडी पाट्या आधीही विकल्या जात होत्या. सतराव्या शतकातले प्रसिद्ध प्रवासी श्यू शियाखे यांनी १६३९ मध्ये दालीत त्या पाहिल्या आणि माणसाच्या चित्रांपेक्षा त्यांना वरचढ ठरवले होते. रुआन यांनी या कौतुकाला शिस्त लावली. ते पाट्या निवडत आणि प्रत्येकीकडे संग्रहातल्या चित्राकडे पाहावे तसे पाहत. या पाटीतले ढग मी फू यांच्या वळणाचे, त्या पाटीतला डोंगर युआन काळातल्या अमुक चित्रकाराच्या हाताचा, अशी ती पाहणी असे. चाळीस वर्षांपूर्वी राजवाड्यात पाहिलेली चित्रे त्यांना दगडात पुन्हा भेटत होती. मग ते पाटीला नाव देत आणि ते नाव, कधी छोटी कविता, आपली सही आणि शिक्का दगडावर कोरून घेत.

१८३२ च्या सुमारास त्यांनी या पाट्यांच्या वर्णनांचे आणि कवितांचे पाच भागांचे पुस्तक सिद्ध केले. त्याचे नाव ‘शिहुआ ची’, म्हणजे दगडी चित्रांची नोंद. राजवाड्याच्या सूचीत चित्रांची जशी नोंद होई, तशीच ही होती. फरक एकच, इथे चित्रकार नव्हता.

पुराव्याचा आग्रह आणि हा छंद यांत विसंगती आहे का? वरवर पाहता आहे. शिलालेखाबाबत रुआन विचारत की हे कोणी, कधी कोरले. दगडी पाटीबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर सूत्र तेच आहे. नकलेची नक्कल झालेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता, मूळ वस्तू त्यांना हवी असे. जुन्या चित्रकारांनी डोंगर पाहून चित्रे काढली, नंतरच्यांनी त्या चित्रांवरून चित्रे काढली. दालीचा दगड कोणाचीच नक्कल नव्हता. तो स्वतःच डोंगराचा तुकडा होता.

मात्र दगडात सोंग काळाचा चित्रकार दिसायला आधी ती चित्रे ठाऊक असावी लागतात. खाणीत तो दगड फोडणाऱ्याला तिथे मी फू दिसत नव्हता. दगडाने आकार दिला, चित्र ठरवले ते पाहणाऱ्याच्या शिक्षणाने. म्हणूनच रुआन यांचे कोरीव शब्द शोभेपुरते नव्हते. काय पाहायचे ते सांगण्याचे काम ते शब्द करत.

या सौंदर्याची किंमत कोण मोजत होते?

त्सांगशानच्या उंच खाणींतून जड शिळा उतरवणे हे जिवावरचे काम होते. सोळाव्या शतकात मिंग बादशहा च्याचिंग यांच्या काळात राजवाड्याने मोठ्या आकाराचे दगडी पडदे मागवायला सुरुवात केली. मोठी शिळा अखंड मिळणे कठीण, ती डोंगरातून काढणे त्याहून कठीण, आणि हजारो किलोमीटर दूर पेइचिंगला पोचवणे सर्वांत कठीण. हा बोजा वेठीच्या मजुरांवर आणि वाटेवरच्या गावांवर पडे. युन्नानचे तेव्हाचे सुभेदार च्यांग चुंगलू यांनी लोकांचे हाल मांडून ही मागणी थांबवण्याची विनंती बादशहांना केली होती.

या दगडांची चर्चा बहुतेक वेळा संग्राहकांच्या अंगाने होते. ज्यांनी तो कापला, ज्यांच्या हाताला नेमका कोन कळला, त्यांची नावे पाट्यांवर नाहीत. पाटीवर नाव आहे ते वाचणाऱ्याचे.

रुआन यांची शेवटची वर्षे कशी गेली?

युन्नानच्या वास्तव्यातच त्यांची पत्नी खुंग लुहुआ गेली. ती कन्फ्युशियसच्या वंशातली आणि स्वतः कवयित्री होती. १७९६ मध्ये त्यांचे लग्न झाले तेव्हापासून प्रत्येक बदलीच्या गावी तिने संसार थाटला होता. १८३५ मध्ये रुआन यांना राजधानीत सर्वोच्च सचिवपद मिळाले. १८३८ मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ते निवृत्त होऊन यांगचौला परतले.

निवांतपणा फार टिकला नाही. लिंटिनजवळ सरकलेली अफू थांबली नव्हती. १८३९ मध्ये ती नष्ट करण्यावरून वाद पेटला आणि युद्ध झाले. १८४२ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश आरमार यांगत्से नदीतून वर आले. त्या फौजेत मद्रासच्या पलटणींतले हिंदी शिपाईही होते. यांगचौसमोरच, नदीपलीकडचे चन्च्यांग शहर जुलैत पडले. यांगचौच्या व्यापाऱ्यांनी खंडणी देऊन आपले शहर वाचवले. कँटनमध्ये जो प्रश्न रुआन यांना सोडवता आला नव्हता, तो वीस वर्षांनी त्यांच्या गावाच्या वेशीवर येऊन उभा राहिला.

पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, घराला आग लागली आणि आयुष्यभर जमवलेल्या ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग जळाला. पाठभेद जुळवत कागद वाचवण्यासाठी ज्यांनी उमर खर्च केली, त्यांच्याच घरातला कागद गेला. १८४६ मध्ये, प्रांतिक परीक्षा उत्तीर्ण होऊन ६० वर्षे झाल्याबद्दल, दरबाराने त्यांना मोठा किताब दिला. १८४९ मध्ये वयाच्या ८५व्या वर्षी ते वारले.

आज काय उरले आहे?

रुआन यांचे ग्रंथ अनेक प्रतींत छापले गेल्यामुळे टिकले. त्यांनी नावे दिलेल्या पाट्या जगभर पांगल्या. दालीच्या दगडांची ही कला युरोपातही पोचली. फ्रेंचांनी त्यांना स्वप्नांचे दगड म्हटले. रोजे कायवा या फ्रेंच लेखकाने असे दगड जमवले आणि १९७० मध्ये दगडांमधल्या लिखाणावर पुस्तक लिहिले. इटलीत फ्लोरेन्सजवळच्या चुनखडकातही पडक्या शहरांचे भास होतात आणि तिथेही ते शतकांपासून चौकटीत लावले जातात. भास सगळीकडे होतो. पण तिथल्या डोळ्याने शहर शोधले आणि चिनी डोळ्याने डोंगर. त्सांगशान आता संरक्षित क्षेत्र आहे आणि तिथल्या खाणींना बंदी आहे, त्यामुळे जुन्या पाट्यांचे मोल वाढले आहे.

बाजारात मोल असेल तिथे नक्कल येतेच. रुआन युआन यांची सही असली की पाटीची किंमत वाढते, म्हणून त्यांच्या नावाचे बनावट लेखही नंतर कोरले गेले. आता अभ्यासक पाटी हातात घेतात तेव्हा आतला डोंगर खरा की खोटा असे विचारत नाहीत, तो लाखो वर्षांचा आहे. ते अक्षराचे वळण पाहतात, शिक्का जुळवतात आणि ‘शिहुआ ची’मधली नोंद शोधतात. शिलालेख तपासायची जी पद्धत रुआन यांनी इतरांना शिकवली, तीच आज त्यांच्या स्वतःच्या सहीला लावली जाते.